अन्वरचा फाटका बास

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सांगलीच्या हळदपेठेत दिवसभर नुसतं उभं राहा, संध्याकाळी शर्टाची कॉलर पिवळी झालेली असते. तसेच ते अंगावर बसत जातात. धुवायला काढले की कळतं किती बसलेत!

आमचा स्टुडिओ त्याच पेठेत, हळदीच्या गोडाऊनच्या माळ्यावर होता. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मालक भरतअण्णा, जैन व्यापारी घरातले. त्यांना गाण्यातलं फारसं कळत नसे, पण कॅसेटच्या धंद्यातलं सगळं कळे. मी मूळचा वाईचा, म्हणून माझं नाव वाईकर. काम कीबोर्ड वाजवायचं. आणि तिसरा अन्वर. मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या घरातला, पण बसायचा कॉम्प्युटरपुढे. आमच्या कॅसेटींमधला बास, म्हणजे गाण्याच्या तळाशी घुमतो तो खर्ज, अन्वर कॉम्प्युटरच्या आत बनवायचा. गिटार नाही, तार नाही. एक सीडी, त्यातलं एक सॉफ्टवेअर आणि माऊस. बस्स!

हे ऐकून तुम्हाला हसू येईल. यावंच. आम्हीही हसलो. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. त्या काळात अन्वरचे कान जात होते, आणि त्याच्याच बासवर आमचा स्टुडिओ उभा होता.

*

कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णांनी त्याला मखमलीचं कव्हर शिवून घेतलं. कव्हर वरून, आणि पंखा मागून! पंखा दिवसभर गोडाऊनमधली हवा आत ओढायचा. थोड्याच महिन्यांत मशीन मध्येच बंद पडायला लागलं.

पुण्याहून एक इंजिनिअर आला, टाय बांधून. त्याने स्क्रू काढले, डबा उघडला आणि बघतच राहिला. आतला बोर्ड, वायरी, पंखा, सगळं पिवळंधमक!

"याला हळद कुणी लावली?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "लागली हाय. आता तुमी अक्षता टाका आन् चालू करून द्या."

त्याने ब्रशने झाडून चालू करून दिलं. जाताना मात्र बजावलं, "या हवेत हे मशीन दोन वर्षंसुद्धा टिकणार नाही."

अण्णांना ते फार लागलं. तो जिना उतरेपर्यंत कसेबसे गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्या आज्ज्यानं सारा जलम काढला की याच हवंत!"

आज्जा दम्याने गेला, हे त्यांनी आम्हाला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

*

अण्णांचा एक नियम होता. कॅसेट माळ्यावर कितीही चांगली वाजो, रिक्षात वाजवून बघितल्याशिवाय बाहेर जायची नाही. "गिऱ्हाईक काय तुमच्या माळ्यावर येऊन ऐकणार हाय व्हय?"

चौकात शिवा नावाचा रिक्षावाला होता. त्याच्या रिक्षात वाटीएवढे दोन स्पीकर. आम्ही तिघं मागे बसायचो आणि शिवा आम्हाला नदीपर्यंत एक फेरी मारून आणायचा.

पहिल्यांदा नेली ती एका देवीच्या गाण्याची कॅसेट. माळ्यावर तो बास ऐकताना पोटात काहीतरी हलायचं. रिक्षात लावली तर ढोलकी आहे, झांज आहे, गाणारी बाई आहे, आणि बासच नाही!

"काय रं अन्वर," अण्णा म्हणाले, "तुझा बास वरच ऱ्हायला व्हय? जिना उतरला न्हाई?"

अन्वर मग त्या हरवलेल्या बासच्या मागेच लागला, आणि एक दिवस त्याला ते सापडलं. खर्जाचा स्वच्छ, गोल आवाज छोट्या स्पीकरला झेपत नाही. पण तोच आवाज थोडा फाडला, त्याचा माथा जरा खरवडला, म्हणजे ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात ते दिलं, की त्यातून वरचे बारीक सूर निघतात. ते छोट्या स्पीकरमधूनही येतात, आणि त्यांच्यामागे खर्ज चालत आल्यासारखा वाटतो.

पुन्हा रिक्षा काढली. अर्ध्या वाटेवर शिवाने ती बाजूला घेतली आणि मागे वळला. "अण्णा, स्पीकर फाटला वो माझा."

"स्पीकर न्हाई फाटला. गाणंच तसं हाय."

शिवा थोडा वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग फाटकंच. लय भारी लागतंय!"

त्या दिवसापासून आमच्या बासचं नाव फाटका बास पडलं. गिऱ्हाइकं जिना चढता चढताच ओरडायची, "तो फाटका घाला हां!" अन्वर दर कॅसेटला आधीपेक्षा थोडा जास्त फाडायचा. आम्हाला वाटायचं, गिऱ्हाइकासाठी फाडतोय.

*

फाडणं जमलं तरी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे एन्व्हलप. सूर सुरू कसा होतो, किती लवकर खाली बसतो, किती टिकतो आणि सोडल्यावर कसा जातो, ते ठरवायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची चार बटणं होती. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. अण्णांच्या ते काही केल्या डोक्यात शिरेना. "मशीन माझं, आन् बटणं मलाच समजंनात?"

अन्वरने त्यांना खुर्चीत बसवलं. "अण्णा, घरी पावणा येतोय असं धरा. अटॅक म्हणजे तो दारातनं आत कसा येतो, धाडकन का हळूच. डिके म्हणजे आल्या आल्या जो दंगा करतो तो किती वेळात निवतो. सस्टेन म्हणजे मग किती आवाजात बोलत बसतो. आणि रिलीज म्हणजे 'येतो' म्हटल्यावर खरंच जायला किती वेळ लावतो."

अण्णांचा चेहरा उजळला. "मग आमच्या मेव्हण्याचा रिलीज लय मोठा हाय रं! 'येतो' म्हनतंय, चपला घालतंय, आन् उंबऱ्यावर पुन्ना दिवस घालवतंय!"

त्यानंतर अण्णा पेठेतल्या माणसांनाही त्याच मापाने मोजायला लागले. कुणी तावातावाने भाव करायला आला की आम्हाला हळूच म्हणायचे, "नुसता अटॅक हाय. सस्टेन काय न्हाई. बघा, आता बसतंय खाली." आणि तो बसायचा!

त्याच वर्षी अण्णांची आई गेली. सकाळी सुनेशी बोलता बोलता, हातात निवडायचे तांदूळ. घाटावरून परतताना अण्णा आम्हा दोघांच्या मधून चालत होते. मध्येच थांबले आणि अन्वरला म्हणाले, "आईला रिलीजच नव्हता रं."

अण्णा स्वतःच हसले, आणि हसता हसता रस्त्यातच रडायला लागले.

*

अन्वर रोज मिरजेहून एस्टीने यायचा. एकदा उशीर झाला म्हणून मी त्याला शोधत स्टँडवर गेलो, तर हा उभ्या एस्टीच्या पत्र्याला तळहात टेकवून, डोळे मिटून उभा. इंजिन चालू. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघतोय.

"आवं, गाडीची नाडी बघताय व्हय?"

"होय," अन्वर म्हणाला.

"लागती का?"

"लागती. पण सुरवातीला अडखळती."

ड्रायव्हर एकदम पेटला. "मी दुसरं काय सांगतोय डेपोत? पर ऐकतंय कोन!" आणि त्याने गिअरबॉक्सपासून साहेबापर्यंत सगळ्या तक्रारी अन्वरला ऐकवल्या. कंट्रोलरने शिट्टी मारली तेव्हा कुठे गाडी हलली. भोळ्या माणसाला वाटलं, वर्कशॉपमधून कुणी मोठा अधिकारी तपासणीला आलाय.

माळ्यावर येऊन अन्वरने एक नवा बास बांधला आणि त्याचं नावच 'एस्टी' ठेवलं. साधारणपणे एन्व्हलप आवाजाच्या लहानमोठेपणाला लावतात. याने तो फाटण्याला लावला. म्हणजे सूर निघतो तो फाटका, थरथरता, आता बंद पडतोय की काय असा, आणि मग डिस्टॉर्शन हळूहळू उतरत जातं आणि तोच सूर साफ होऊन रस्त्याला लागतो. मला आजही वाटतं, त्याच्या हातून झालेलं ते सर्वांत सुंदर काम. आमच्याकडच्या कितीतरी वराती त्या एस्टीवर नाचल्या.

"पण हात कशाला लावला होतास? लांबून ऐकू येत नव्हती?" मी विचारलं होतं.

"हाताला जास्त कळतं," तो म्हणाला.

काय कलावंताचं वाक्य! मी ते कौतुकाने सगळ्या सांगलीला सांगत फिरलो.

*

गोडाऊनमध्ये एक बोका राहायचा. शेजारचा गाळा गुळाचा होता, उंदीर भरपूर, त्यामुळे बोक्याला कामाची ददात नव्हती.

पुढे पुढे अन्वरच्या कामात टाळ आणि झांज फार टोकदार व्हायला लागली. ऐकताना कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचो, "टाळ कमी कर रे." तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायचा. "टाळ हाय कुठं? अजून वाढवायला पाहिजे." आणि वाढवायचा!

एक दिवस बोका निघून गेला. आठवड्यात उंदरांनी गोडाऊन ताब्यात घेतलं. पोती कुरतडायला लागले तेव्हा अण्णा माळ्यावर आले.

"अन्वर, तुझ्या टाळानं बोका गेला. आता उंदरांवर बास सोड!"

अण्णा चेष्टेने बोलले होते. अन्वरने खरंच एस्टी लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. उंदीर एकही बाहेर आला नाही. शेजारचा गुळवाला आला. "आवं अण्णा, ढेपा हालाय लागल्यात माझ्या!"

त्या टोकदार टाळांची कॅसेट मात्र हातोहात खपली. लोक म्हणाले, काय चमक आहे आवाजाला! बोका पेठेच्या टोकाला गाद्यांच्या दुकानात सापडला. अण्णांनी पुष्कळ हाका मारल्या, त्याने मानसुद्धा वळवली नाही. तिथे कापसात फार शांतता होती.

*

अन्वरचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढायचे. तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा इतक्या बेताने घासायचा की तार तिला नुसती चाटून जावी. मग एकाच तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. अन्वरही आधी घरात तेच शिकलेला. पण आमच्याकडे येण्याआधीच त्याने ते सोडलं होतं. का, विचारलं की म्हणायचा, "दिवसभर घासत बसायचं. कंटाळा आला."

एका दुपारी अब्बा माळ्यावर आले. अन्वरने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि एस्टी लावली. "अब्बा, ही पण जवारीच की. फक्त तार नाही."

अब्बांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. चहावर साय धरली. मग ते उठले आणि कॉम्प्युटरच्या मागे जाऊन वाकून बघायला लागले.

"काय बघताय अब्बा?"

"घोडी कुठं बसवलीया ते बघतोय."

आम्ही पोट धरून हसलो. अब्बाही हसले. अन्वरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झ्याक हाय, बेटा."

मी त्यांना खाली सोडायला गेलो. जिन्यात ते कठड्याला धरून थांबले.

"त्यानं जवारी का सोडली, काय सांगितलं तुमाला?"

"कंटाळा आला म्हणून."

"कंटाळा न्हवं, वाईकर. एक दिवस घासत बसला हुता. सूर कवाच खुलला, मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. ह्यो आपला घासतोयच, घासतोयच. घोडी पार झिजून बसली तरी घासतोय. तवापासनं त्यानं हात लावला न्हाई. मी बी कवा इचारलं न्हाई." मग म्हणाले, "माझ्यानं त्याच्याशी बोलवत न्हाई. तुमी बोला. दवाखान्यात न्या त्याला."

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी पुढच्या कॅसेटचं काय, हेही मनात आलं. वर जाऊन मी अण्णांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं अन्वरला दवाखान्यात चल म्हणायला लागलो.

*

अन्वर मात्र दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचा. "सर्दी हाय," म्हणायचा. बारा महिने सर्दी! आणि तो डोळ्यांनी काम करायला शिकला. कॉम्प्युटरवर आवाजाची लाट दिसते. ती बघून तो ठरवायचा, काय वर घ्यायचं, काय खाली.

विट्याकडचे एक तानाजीबापू होते. देवाची गाणी म्हणायचे, आवाज गोड पण बारीक. त्यांनी आपली कॅसेट ऐकली आणि चुळबुळ करायला लागले. "बास लय झालाय वो. माझा आवाज दबतोय."

अन्वरने त्यांना स्क्रीनजवळ नेलं. "हे बघा बापू. ही वरची लाट तुमची. ही खालची बासची. कुठं दाबलंय तुम्हाला?"

बापूंनी चष्मा लावला आणि नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. "दिसत तर न्हाई."

"मग?"

"पर ऐकू येतंय की!"

"बापू, दिसतंय ते खरं, का ऐकू येतंय ते?"

बापूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आमी बाबा अडाणी मानसं. दिसतंय ते खरं."

कॅसेट तशीच निघाली. बापूंच्या मालकीणबाई म्हणाल्या, "ह्यांचा आवाज कुटं न्हाई, पर गाणी ह्या येळंला ब्येस झाल्यात!" बापूंची कॅसेट आधी कधी इतकी खपली नव्हती. हे मी अन्वरला सांगितलं तेव्हा मला वाटलं तो हसेल. तो स्क्रीनकडे बघत बसला.

*

साताऱ्याच्या एका गणेश मंडळाने मिरवणुकीसाठी आमचीच गाणी घेतली आणि आम्हाला मानाने बोलावलं. ट्रकवर स्पीकरची भिंत. पहिला ठोका पडला आणि रस्त्यावरची शटरं थरथरली. कोपऱ्यावर भांड्यांचं दुकान होतं, बाहेर पातेल्यांची चळत रचलेली. दर ठोक्याला वरचं एक पातेलं घसरून खाली!

दुकानदार दोन्ही हातांनी चळतीला मिठी मारून ओरडत होता, "वाजवा की! देवाचं हाय, वाजवा! पर जरा पुढं जाऊन वाजवा!"

मी दोन्ही कानांत कापूस कोंबून लांब उभा होतो. पोरंसुद्धा कानांवर हात ठेवून नाचत होती. अन्वर कुठे दिसेना. बघतो तर स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभा. चेहऱ्यावर असं समाधान की मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला ओढायला गेलो तर त्याने माझाच हात धरला. काहीतरी बोलला. कापूस काढून पुन्हा विचारावं लागलं.

"वाईकर," तो ओरडून म्हणाला, "आज किती दिवसांनी स्वच्छ ऐकू येतंय!"

परतीच्या एस्टीत आमच्या पुढच्या सीटवर दोन बाया जागेवरून भांडत होत्या. एकमेकींच्या सात पिढ्यांचं काढून झालं. कंडक्टर मध्ये पडला, तोही भांडायला लागला. गाडीतला प्रत्येक माणूस मान वळवून बघत होता.

अन्वर खिडकीतून बाहेरचा ऊस बघत बसला होता. कऱ्हाड गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडी आज शांत हाय, नाही?"

*

शेवटी अण्णांनीच त्याला दवाखान्यात नेलं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! मीही बरोबर होतो. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि सरळ सांगितलं, "आतलं हाड आखडलं असेल तर ऑपरेशनने फरक पडेल. नस कमजोर झाली असेल तर आज आहे तेवढं तरी राखायला बघू. पण नेमकं काय, ते मशीनवरच कळेल. आवाज ऐकू आला तरच बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. एवढंच करा."

चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर रांग होती. आम्ही टोकाला बसलो. अन्वर बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत होता.

"अण्णा, कान गेलेत असं निघालं, तर मला माळ्यावर बसू द्याल?"

"म्हंजे काय! बस की."

"बसून काय करू?"

तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

आत आणखी एक छोटी लाकडी खोली होती, चारी भिंतींना जाड गाद्या, एका बाजूला काच. अन्वर दारातच थबकला. गादीवर हात फिरवून म्हणाला, "अण्णा, असली खोली पाहिजे होती आपल्याला!" मशीनवरच्या बाई हसल्या. त्यांनी त्याला काचेकडे पाठ करून खुर्चीत बसवलं, हेडफोन घातला, हातात बटण दिलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही बाईंच्या मागे उभे राहिलो. त्यांच्या टेबलावर एक लाल दिवा होता. आत अन्वरने बटण दाबलं की तो लागायचा. बाई इकडे कळ दाबायच्या, जरा थांबायच्या, पुन्हा दाबायच्या, एकाच लयीत. सकाळपासून त्या तेच करत असणार. दिवा लागला. पुन्हा लागला. आवाज बारीक केला, तरी लागला. अजून बारीक केला, लागला. मग वरचे, टाळाझांजेचे सूर घेतले. लागला!

बाईंनी भुवया उंचावल्या. "कोण म्हणतं यांना ऐकू येत नाही? शाळेतल्या पोरासारखे कान आहेत!"

अण्णांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरले होते. "वाईकर," ते कुजबुजले, "पेढे आण. आधी त्याच्या अब्बांना सांगून ये, आन् मग पेढे आण."

तेवढ्यात बाहेरचं दार ढकलून एक आजी आत आल्या, हातात केसपेपर. "बाई, माझा नंबर कवा?"

बाईंनी कळ सोडली आणि खुर्चीसकट मागे वळल्या. "आजी, अजून दोघं आहेत. बसा बाहेर."

"मगाशी पन दोघंच हुती."

"मधे इमर्जन्सी आली आजी. आणा बघू कागद." त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला आणि उलटून वाचायला लागल्या.

मी सहज टेबलाकडे बघितलं. कळ मोकळीच होती. दिवा लागला. विझला. जरा वेळाने पुन्हा लागला. विझला. पुन्हा लागला. मधलं अंतर मघाचंच, तसूभरही इकडेतिकडे नाही. काचेपलीकडे अन्वरची पाठ दिसत होती. मान ठेक्यावर अगदी किंचित हलत होती.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे. माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला.

आजी बाहेर गेल्या. बाई वळल्या, घड्याळाकडे बघितलं, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठून लाकडी खोलीचं दार उघडलं. अन्वर हेडफोन काढून बाहेर आला. कपाळ घामाने भिजलं होतं. त्याने आधी बाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग अण्णांच्या, मग माझ्या.

"सगळे आले," तो म्हणाला. "शेवटचे जरा बारीक होते. पण आले."